तारीख एक, रूपे अनेक

प्रस्तावना

दैनंदिन व्यवहारात आपण तारीख सहज लिहून जातो. अर्जावर लिहितो, पावतीवर लिहितो, पत्राच्या शिरोभागी लिहितो. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला एकच पद्धत ठाऊक असते, तोपर्यंत काही अडत नाही. परंतु निरनिराळ्या काळांतील, भाषांतील आणि कालगणनांतील कागद एकत्र करून ते संगणकाच्या डेटाबेसमध्ये नोंदवायचे ठरले, की हीच साधी तारीख सर्वांत अवघड बाब ठरते. या पाठात आपण तंजावरच्या मराठी कागदपत्रांच्या आधारे तारखेचे रूपांतर आणि तिची मांडणी यांविषयी माहिती घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• तारखेचे मूल्य आणि तारखेचे रूप यांतील फरक सांगता येईल;
• शक, सुहूर सन, फसली आणि इसवी सन यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
• डेटाबेसमध्ये तारीख नोंदवताना आणि शोधताना होणाऱ्या चुका ओळखता येतील;
• अपुऱ्या तारखेची नोंद प्रामाणिकपणे कशी करावी, हे सांगता येईल.

१. तंजावरची मराठी दप्तरे

तमिळनाडूतील तंजावर येथे सतराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात भोसले घराण्याची सत्ता स्थापन झाली. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे या घराण्याचे संस्थापक. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे यांच्या निधनानंतर हे राज्य संपुष्टात आले. जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या काठी मराठी ही दरबाराची एक भाषा होती. सरफोजी राजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत ज्या ग्रंथसंग्रहाची जोपासना केली, तो सरस्वती महाल ग्रंथालय या नावाने आज विख्यात आहे. तेथे मोडी लिपीतील राजदप्तराचे १,३००हून अधिक रुमाल जतन केलेले आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठानेही मोडी कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली आहेत.

अशा एखाद्या दप्तराची संगणकीय सूची करायची आहे, असे समजा. प्रत्येक कागदाला एक क्रमांक, विषय, लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख द्यायची. पहिल्या तीन रकान्यांत फारसे अडत नाही. चौथ्या रकान्याशी मात्र काम थबकते. कारण कागदावरची तारीख आपल्या सवयीच्या पद्धतीने लिहिलेली नसते.

२. एकच दिवस, अनेक नोंदी

बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. तो सरफोजी राजांच्या आज्ञेवरून शके १७२५, म्हणजे इ. स. १८०३ मध्ये कोरला गेला. याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यातील कागद निरनिराळ्या कचेऱ्यांतून आपल्या हाती आले, तर त्यांवर वर्ष कसे लिहिलेले असेल, ते पाहू.

शालिवाहन शकाप्रमाणे ते वर्ष १७२५. साठ संवत्सरांच्या चक्राप्रमाणे त्याचे नाव रुधिरोद्गारी. मराठी दप्तरांत रूढ असलेल्या सुहूर सनाप्रमाणे, म्हणजेच अरबी सनाप्रमाणे, १२०४. मद्रास इलाख्याच्या महसुली फसलीप्रमाणे १२१३. शिवराज्याभिषेकापासून मोजल्या जाणाऱ्या राजशकाप्रमाणे १३०. हिजरी सनाप्रमाणे १२१८. कंपनीच्या इंग्रजी पत्रावर अर्थातच १८०३. दिवस बदललेला नाही. तो मोजण्यास आरंभ कोठून केला, एवढेच बदलले आहे.

या कालगणनांचे आरंभदिनही वेगवेगळे आहेत. मराठी शकवर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस सुरू होते. सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी बदलतो. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. मद्रास इलाख्यातील फसली वर्ष जुलैमध्ये बदलत असे. तमिळनाडूच्या महसूल खात्यात फसली वर्ष आजही वापरात असून ते १ जुलैपासून ३० जूनपर्यंत धरले जाते. राजशक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस बदलतो.

तंजावरचे एक विशेष येथे ध्यानात घेतले पाहिजे. तमिळ पंचांग सौर आहे. त्याचे वर्ष चित्तिरै महिन्याच्या पहिल्या दिवशी, एप्रिलच्या मध्याच्या सुमारास सुरू होते. मराठी आणि तमिळ पंचांगांतील संवत्सरांची नावे एकच असली, तरी ती बदलण्याचा दिवस एक नाही. त्यामुळे १८०३ च्या गुढीपाडव्यानंतर काही दिवस मराठी कारकुनाच्या कागदावर रुधिरोद्गारी, तर शेजारी बसलेल्या तमिळ हिशेबनिसाच्या कागदावर आधीचेच दुंदुभी हे नाव असणार. दोघेही बरोबर आहेत. हे माहीत नसलेला सूचीकार मात्र दोन कागदांत एका वर्षाचे अंतर दाखवील.

पाठगत प्रश्न १
(अ) सुहूर सनाला मृगसाल का म्हणतात?
(आ) मराठी आणि तमिळ पंचांगांत संवत्सराचे नाव काही दिवस वेगळे का असते?

३. मूल्य आणि रूप

आता डेटाबेसकडे वळू. डेटाबेस म्हणजे रकान्यांत व्यवस्थित लावलेली माहिती. तिच्यातून हवे ते शोधण्यासाठी संगणकाला ठराविक भाषेत जो प्रश्न विचारला जातो, त्याला क्वेरी म्हणतात. प्रत्येक रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती ठेवायची, हे आधी सांगावे लागते: मजकूर, संख्या किंवा तारीख.

पुष्कळ ठिकाणी तारीख मजकुराच्या रकान्यात भरली जाते. टंकलेखन सोपे होते आणि पडद्यावर तारीख नीट दिसतेही. परंतु संगणकाच्या लेखी तो केवळ अक्षरांचा समूह असतो. २५/०१/१८००, १२/०३/१८०१ आणि ०५/११/१८०२ अशा तीन तारखा मजकूर म्हणून भरल्या आणि त्यांची क्रमवारी मागितली, तर संगणक पहिल्या अक्षरापासून तुलना करतो. त्यामुळे ०५/११/१८०२ प्रथम, मग १२/०३/१८०१ आणि शेवटी २५/०१/१८०० असा नेमका उलटा क्रम मिळतो. मराठी महिन्यांच्या नावांची हीच गत होते. वर्णानुक्रमे लावल्यास आश्विन पहिला, आषाढ दुसरा, कार्तिक तिसरा आणि वर्षाचा खरा आरंभ असलेला चैत्र चौथा येतो.

तारखेचा म्हणून राखलेला रकाना वेगळ्या रीतीने चालतो. त्यात पुष्कळदा एका निश्चित दिवसापासून लोटलेल्या दिवसांची संख्या ठेवलेली असते. दोन तारखांची तुलना म्हणजे दोन संख्यांची तुलना. दोन तारखांमधील अंतर म्हणजे साधी वजाबाकी. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भारतीय ज्योतिषी एका ठरावीक आरंभापासून लोटलेल्या दिवसांची संख्या काढूनच ग्रहगणित करीत. या दिवससंख्येला अहर्गण म्हणतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले, तेव्हा अहर्गण फार मोठा होऊ नये म्हणून ४,०१६ दिवसांचे एक चक्र योजले. महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांनी पुढे पिढ्यान् पिढ्या या ग्रंथाच्या आधारे गणित केले. संगणकाच्या पोटातील तारीख ही अहर्गणाचीच बहीण म्हणावी लागेल.

याचा अर्थ असा, की प्रत्येक तारखेला दोन बाजू आहेत. एक तिचे मूल्य, म्हणजे काळाच्या ओघातील तो नेमका दिवस. दुसरे तिचे रूप, म्हणजे तो दिवस लिहिण्याची पद्धत. मूल्य एकच असते, रूपे अनेक असतात. लिखित रूपावरून मूल्य काढणे याला रूपांतर म्हणू, आणि मूल्य वाचकाच्या सोयीच्या रूपात दाखवणे याला मांडणी म्हणू. बहुतेक घोटाळे या दोन क्रिया एकमेकींत मिसळल्यामुळे होतात.

४. रूपापासून मूल्याकडे

प्रथम इंग्रजी पद्धतीच्या तारखा घेऊ. ०५/०६/१८१२ ही तारीख भारतात आणि इंग्लंडमध्ये ५ जून अशी वाचली जाते. अमेरिकेत ती ६ मे होते. संगणक कोणत्या देशाच्या पद्धतीवर ठेवला आहे, त्यावर उत्तर अवलंबून राहील. म्हणून रूपांतर करताना आपण लिहिलेले रूप कोणते आहे, हे संगणकाला स्पष्ट सांगावे. त्यासाठी प्रत्येक डेटाबेसमध्ये सोय असते. ओरॅकलमध्ये ‘टू_डेट’, मायएसक्यूएलमध्ये ‘एसटीआर_टू_डेट’ आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘कन्व्हर्ट’ हे फंक्शन वापरतात. शेवटच्या फंक्शनला रूपाचा क्रमांक द्यावा लागतो: १०३ दिला, की दिवस-महिना-वर्ष आणि १०१ दिला, की महिना-दिवस-वर्ष. सर्वांत निःसंदिग्ध रूप म्हणजे मोठ्या एककाकडून लहान एककाकडे जाणारे, वर्ष-महिना-दिवस असे. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ८६०१ ने हेच रूप प्रमाण ठरवले. १८०३-१२-०५ ही तारीख कोणत्याही देशात दोन प्रकारे वाचली जात नाही. शिवाय ती चुकून मजकूर म्हणून ठेवली गेली, तरी तिचा क्रम बिघडत नाही.

वर्ष नेहमी चार अंकी लिहावे. सरफोजी राजांचे निधन ७ मार्च १८३२ रोजी झाले. एखाद्या सूचीत ते ०७-०३-३२ असे लिहिले असेल, तर मायएसक्यूएल ३२ चा अर्थ २०३२ असा घेते. कारण तेथे ०० ते ६९ हे अंक २००० नंतरचे आणि ७० ते ९९ हे १९०० नंतरचे मानण्याचा नियम आहे. एकोणिसाव्या शतकाला या नियमात जागाच नाही.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक दक्षता घ्यावी लागते. देवनागरी अंकांत लिहिलेले वर्ष बहुतेक डेटाबेस तारीख म्हणून ओळखत नाहीत. म्हणून आत साठवताना संगणकाला कळणारे अंक वापरावेत आणि वाचकाला दाखवताना ते देवनागरीत बदलावेत.

आता शकाकडे येऊ. शकात ७८ मिळवले, की इसवी सन मिळतो, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. शके १७२५ मार्गशीर्ष म्हणजे १८०३. पण शके १७२५ माघ म्हणजे १८०४, कारण दोहोंच्या मध्ये १ जानेवारी येऊन गेलेली असते. तेव्हा जानेवारीपासून शकवर्षाच्या अखेरीपर्यंत ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. सुहूर सनातही तसेच आहे: वर्षारंभापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावे.

सुहूर सन अंकांत लिहिलेला असेलच असे नाही. तो अनेकदा अरबी संख्यावाचक शब्दांत असतो. ‘अर्बा मयातैन व अलफ’ म्हणजे चार, दोनशे आणि एक हजार, म्हणजेच १२०४. एकक प्रथम आणि हजार शेवटी, असा हा क्रम आहे. हे वर्ष १८०३ च्या मृगापासून १८०४ च्या मृगापर्यंत चालले. म्हणून शके १७२५ मार्गशीर्षाशी ते जुळते. संवत्सराचा ताळाही सोपा आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागावे आणि बाकी पाहावी. १७२५ अधिक १२ म्हणजे १७३७. ६० ने भागल्यावर बाकी ५७ उरते, आणि सत्तावन्नावा संवत्सर रुधिरोद्गारीच आहे. बाकी शून्य आल्यास साठावा संवत्सर, क्षय समजावा. एकाच कागदावर शक, संवत्सर आणि सुहूर सन दिलेले असतात, तेव्हा ते परस्परांचे साक्षीदार असतात. त्यांतील एक जुळला नाही, तर वाचनात किंवा लेखनात कोठेतरी चूक आहे, असे समजावे.

वर्ष काढता आले, तरी तिथीवरून दिवस काढणे केवळ बेरजेने साधत नाही. तिथीची वृद्धी होते, क्षय होतो, अधिक महिना येतो. त्यासाठी पूर्वीपासून जंत्रीचा आधार घेतला जातो. जंत्री म्हणजे निरनिराळ्या कालगणनांतील दिवस शेजारी शेजारी मांडलेला तक्ता. तमिळनाडूचे विद्वान एल. डी. स्वामिकण्णू पिल्लै यांनी इ. स. ७०० ते १७९९ या अकराशे वर्षांची अशी विस्तृत सारणी तयार केली. ती १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. डेटाबेसमध्येही हाच मार्ग उत्तम. एक जंत्री-तक्ता करावा. त्यात प्रत्येक इसवी दिनांकासमोर शक, महिना, पक्ष आणि तिथी लिहावी. मग कागदावरची तिथी या तक्त्याशी जोडणारी क्वेरी लिहिली, की दिनांक आपोआप मिळतो. नियम प्रत्येक क्वेरीत पुन्हा पुन्हा लिहावा लागत नाही, आणि चूक आढळली तर ती एकाच ठिकाणी दुरुस्त करता येते.

येथे एक सावधगिरी हवी. काही संगणकप्रणालींत भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेची सोय असते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून ही दिनदर्शिका अमलात आली. तिच्यातही शक आहे, चैत्र-वैशाख आहेत; परंतु ती सौर आहे आणि तिच्या महिन्यांचे आरंभदिन ठरलेले आहेत. तंजावरच्या तिथींना ती लावली, तर नावे जुळतील. दिवस जुळणार नाहीत.

पाठगत प्रश्न २
(अ) ‘सबा मयातैन व अलफ’ म्हणजे कोणते सुहूर वर्ष? सबा म्हणजे सात.
(आ) शकात कधी ७८ आणि कधी ७९ का मिळवावे लागतात?

५. इंग्रजी तारीख तरी एक आहे काय?

एवढा खटाटोप करण्यापेक्षा युरोपीय कागदांवरच्या तारखा प्रमाण धरू, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तेथेही एक खाच आहे. युरोपात १५८२ पर्यंत ज्युलियन दिनदर्शिका होती. तिच्यात साचलेली चूक काढण्यासाठी ग्रेगोरियन दिनदर्शिका आली. कॅथलिक देशांनी ती लगेच स्वीकारली, इतरांनी सवडीने. डेन्मार्कने ती १७०० मध्ये स्वीकारली, इंग्लंडने १७५२ मध्ये. इंग्लंडमध्ये त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला.

तंजावरच्या राज्याच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे १६२० पासून डॅनिश लोकांची वखार होती. १७४९ मध्ये इंग्रजांनी याच किनाऱ्यावरील देवीकोट्टै घेतले. त्या वर्षी एकाच दिवशी लिहिलेल्या डॅनिश आणि इंग्रजी पत्रांच्या तारखांत ११ दिवसांचे अंतर पडणार, हे उघड आहे. शिवाय १७५१ पर्यंत इंग्रजांचे अधिकृत नववर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्यांच्या जुन्या पत्रातील ‘फेब्रुवारी १७४८’ हा आपल्या हिशेबी फेब्रुवारी १७४९ असू शकतो. पत्र आधीचे आणि उत्तर नंतरचे, हा साधा क्रमसुद्धा अशा वेळी उलटतो.

डेटाबेस या बाबतीत आपल्याला सावध करीलच, असे नाही. एसक्यूएल सर्व्हरचा ‘डेटटाइम’ हा जुना प्रकार १ जानेवारी १७५३ पूर्वीची तारीख स्वीकारतच नाही; त्यामागे इंग्लंडमधील याच बदलाचे कारण आहे. एकोजी राजांचा संपूर्ण काळ त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. २००८ च्या आवृत्तीत आलेल्या ‘डेट’ या प्रकाराने ही अडचण दूर केली. एक्सेलमध्ये १९०० पूर्वीची तारीख नुसता मजकूर म्हणून राहते. इतर डेटाबेस १६७४ ची तारीख घेतात, पण ती ग्रेगोरियनच समजतात.

शिवराज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४ म्हणून आपण जाणतो. ती ज्युलियन आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १६ जून होतो. राज्याभिषेकाचा वार शनिवार होता. संगणकाला ६ जून १६७४ चा वार विचारला, तर तो बुधवार सांगतो. १६ जूनचा विचारला, तर शनिवार सांगतो. यावरून वाराचे महत्त्व लक्षात येईल. साठ संवत्सरे असोत वा दोन दिनदर्शिका असोत, वारांची साखळी कधीच तुटलेली नाही. जुन्या कागदावर वार लिहिलेला असेल, तर तो सूचीत अवश्य नोंदवावा. रूपांतर बरोबर झाले की नाही, हे तपासण्याचे ते सर्वांत सोपे साधन आहे. मात्र आपला पारंपरिक दिवस सूर्योदयापासून सुरू होतो आणि इंग्रजी दिवस मध्यरात्रीपासून. तेव्हा रात्री घडलेल्या घटनेत एका दिवसाचा फरक आढळल्यास गोंधळून जाऊ नये.

६. अपुरी तारीख

आतापर्यंत आपण पूर्ण तारखांचा विचार केला. प्रत्यक्षात अनेक कागदांवर केवळ वर्ष असते. कडा फाटल्यामुळे तिथी गेलेली असते किंवा वाळवीने महिना खाल्लेला असतो. डेटाबेसचा तारखेचा रकाना मात्र दिवस, महिना आणि वर्ष तिन्ही मागतो. अशा वेळी सूचीकार रकाना भरण्यासाठी १ जानेवारी लिहून मोकळा होतो. याचा परिणाम किती गंभीर होतो, ते पाहा.

२५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या तहाने सरफोजी राजांनी राज्याचा कारभार इंग्रज कंपनीच्या हाती सोपवला. त्यापूर्वीचा राजाचा हुकूम हा राज्यकर्त्याचा हुकूम होता. त्यानंतरच्या हुकमाला तो अर्थ उरला नाही. आता एका इनामाच्या कागदावर फक्त ‘शके १७२१’ एवढेच आहे, असे समजा. शके १७२१ हे वर्ष एप्रिल १७९९ च्या पहिल्या आठवड्यापासून मार्च १८०० च्या अखेरच्या आठवड्यापर्यंत चालले. म्हणजे तो कागद तहाच्या आधीचा असेल किंवा नंतरचाही असेल. सूचीकाराने ७८ मिळवून १ जानेवारी १७९९ अशी नोंद केली, तर तो दिवस मुळात शके १७२१ मध्ये पडतच नाही. तो शके १७२० मधला आहे. पुढे एखाद्या अभ्यासकाने ‘तहापूर्वीची इनामे दाखवा’ अशी क्वेरी दिली, की हा कागद निमूटपणे त्या यादीत जाऊन बसतो. संगणकाने सांगितलेली तारीख दिवसापर्यंत अचूक दिसते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. एका कारकुनी सोयीमुळे एका राज्याच्या सार्वभौमत्वाविषयीचा पुरावा बदलतो.

यावर उपाय आहे. अशा नोंदीसाठी तारखेचे दोन रकाने करावेत: ‘या दिवसापूर्वी नाही’ आणि ‘या दिवसानंतर नाही’. तारीख पूर्ण असेल, तेथे दोन्ही रकान्यांत तोच दिवस येईल. केवळ वर्ष असेल, तेथे वर्षाचा पहिला आणि शेवटचा दिवस येईल. तहापूर्वीचे निश्चित कागद हवे असतील, तर दुसरा रकाना तहाच्या तारखेपूर्वीचा आहे काय, हे विचारावे. शक्यता असलेले सर्व कागद हवे असतील, तर पहिला रकाना तपासावा. यामुळे ‘निश्चित’ आणि ‘संभाव्य’ हा भेद उत्तरातही टिकून राहतो.

याखेरीज एक तिसरा रकाना हवाच. त्यात कागदावरची तारीख मुळात जशी आहे, तशीच उतरवावी. अशुद्ध असली, तरी सुधारू नये. उद्या रूपांतराची रीत चुकीची ठरली, तर नवे रूपांतर करण्यासाठी मूळ नोंदच उपयोगी पडते. मूळ नोंद टाकून दिली, तर चूक कायमची होते. मग पुन्हा रुमाल सोडून कागद शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

७. क्वेरी आणि मांडणी

साठवण नीट झाली, की शोध सोपा होतो. १८०३ मधील कागद हवे असल्यास प्रत्येक तारखेतून वर्ष वेगळे काढून त्याची तुलना करण्याऐवजी ‘१ जानेवारी १८०३ किंवा त्यानंतरचे आणि १ जानेवारी १८०४ च्या आधीचे’ असा कालखंड द्यावा. पहिल्या रीतीत संगणकाला सामान्यतः प्रत्येक नोंद उघडून पाहावी लागते. दुसऱ्या रीतीत तो तारखांच्या अनुक्रमणिकेवरून नेमक्या जागी पोहोचतो. हजारो नोंदी असतील, तेव्हा हा फरक ठळकपणे जाणवतो. कालखंडाची शेवटची मर्यादा ‘३१ डिसेंबरपर्यंत’ अशी न देता ‘१ जानेवारीच्या आधी’ अशी द्यावी. तारखेबरोबर वेळही नोंदलेली असेल, तर ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतरच्या नोंदी एरवी वगळल्या जातात.

मांडणी अगदी शेवटी करावी. ओरॅकलमधील ‘टू_चार’ किंवा मायएसक्यूएलमधील ‘डेट_फॉरमॅट’ यांसारखी फंक्शने मूल्याला हवे ते रूप देतात. मराठी वाचकाला ‘७ मार्च १८३२’ दाखवावे, पंचांगाच्या अभ्यासकाला जंत्री-तक्त्यावरून तिथी दाखवावी, तमिळ वाचकाला त्याच्या महिन्याचे नाव दाखवावे. साठवलेले मूल्य यांपैकी कोणत्याही वेळी बदलत नाही. क्रमवारीही नेहमी मूल्यावरून लावावी, दाखवलेल्या रूपावरून नव्हे.

तंजावरच्या कागदांत अन्नछत्रांचे खर्च आहेत, देवस्थानांच्या नेमणुका आहेत, राजवाड्यातील देण्याघेण्याचे हिशेब आहेत. तो कागद लिहिणाऱ्या कारकुनाने आपल्या पद्धतीने दिवस अचूक नोंदवला होता. त्याने नोंदवलेला तो दिवस जसाच्या तसा पुढच्या पिढीच्या हाती देणे, ही सूचीकाराची जबाबदारी आहे. संगणक हे काम वेगाने करतो. परंतु कोणते रूप कोणत्या कालगणनेचे आहे, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. त्यासाठी जितके डेटाबेसचे ज्ञान हवे, तितकेच मोडीचे आणि पंचांगाचेही हवे.

तुम्ही काय शिकलात

• तारखेचे मूल्य एक असते; तिची लिखित रूपे अनेक असतात.
• तारीख मजकूर म्हणून न ठेवता तारखेच्याच रकान्यात ठेवावी. वर्ष चार अंकी लिहावे.
• शक किंवा सुहूर सनावरून इसवी सन काढताना महिना पाहावा लागतो. तिथीसाठी जंत्री लागते.
• १७५२ पूर्वीच्या युरोपीय तारखा कोणत्या दिनदर्शिकेतील आहेत, ते तपासावे.
• अपुरी तारीख कल्पनेने पूर्ण करू नये. तिच्या दोन मर्यादा नोंदवाव्यात आणि मूळ नोंद जपावी.
• मांडणी सर्वांत शेवटी करावी.

पाठान्त प्रश्न

१. ‘संगणकाच्या पोटातील तारीख ही अहर्गणाचीच बहीण’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
२. सरफोजी राजांचे निधन ७ मार्च १८३२ रोजी, गुढीपाडव्यापूर्वी झाले. त्या दिवशी कोणते शकवर्ष चालू होते आणि संवत्सर कितवा होता, ते सकारण सांगा.
३. केवळ ‘शके १७२१’ असा उल्लेख असलेल्या कागदाची नोंद तुम्ही डेटाबेसमध्ये कशी कराल? तसे करण्याची कारणे लिहा.
४. जुन्या कागदावरील वाराचा उल्लेख का महत्त्वाचा आहे? पाठातील उदाहरणाच्या आधारे लिहा.
५. उपक्रम: तुमच्या घरातील जुनी पत्रे, जन्मपत्रिका, खरेदीखते किंवा लग्नपत्रिका यांपैकी दहा कागद निवडा. प्रत्येकावरील तारीख प्रथम जशी आहे तशी लिहून घ्या, नंतर तिचे वर्ष-महिना-दिवस या रूपात रूपांतर करा आणि वार जुळतो का, ते पंचांगावरून तपासा.